डाव्या चाकाचा दोष

डावा हात टेबलावर पालथा ठेवायचा, बोटं सैल सोडायची आणि मनात तीसपर्यंत आकडे म्हणायचे. तोंड धुवायच्याही आधी भिंगरीचा हा उद्योग चाले. कधी बोटं शांत असत. कधी करंगळी हलल्यासारखी वाटे, आणि एकदा तसं वाटलं की ती मग खरोखरच हले. आईचा हात असाच गेला होता. आई कपडे शिवायची. पंचेचाळिशीत तिला सुईत दोरा ओवता येईना, आणि पुढच्या दोन वर्षांत चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची वेळ आली. तिचाही डावाच हात. भिंगरीला आता एक्केचाळिसावं लागलं होतं.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती एका जागी बसायची नाही, म्हणून दादाने ते ठेवलं होतं. पुढे ती समारंभांत गाणी वाजवायला लागली तेव्हा पाट्यांवरही तेच लागलं आणि खरं नाव सरकारी कागदांपुरतं उरलं. दादा पाच वर्षांनी मोठा. स्पीकर आणि माइक भाड्याने द्यायचं त्याचं दुकान होतं. गाडीतून सामान न्यायचं, तारा ओढायच्या, आवाज जुळवायचा हे काम दादाचं. गाणी निवडायची, एकातून दुसरं असं काढायचं की नाचणाऱ्याचा पाय मध्ये अडखळू नये, हे काम भिंगरीचं. अठरा वर्षं दोघांचं असं चाललं होतं. आधी जड तबकड्या होत्या, मग सीड्या आल्या, आणि आता कंट्रोलर होता. दोन बाजूंना दोन चाकं, मध्ये सरकपट्ट्या आणि बटणं असलेला पाटच म्हणा ना. तो स्वतः काही वाजवत नाही. हाताने काय केलं तेवढं तो लॅपटॉपला सांगतो आणि गाणं लॅपटॉप वाजवतो. कोणतं बटण फिरलं म्हणजे काय करायचं, हे लॅपटॉपमधल्या एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाईल दादाने भिंगरीच्या हाताला बेतून स्वतः लिहिली होती. भिंगरीने ती कधी उघडूनही पाहिली नव्हती. दादा असताना ती कशाला त्या भानगडीत पडेल?

घोटाळा पहिल्यांदा झाला तो एका बँकेच्या वार्षिक संमेलनात. अर्धा तास छान गेला. लोक रंगात आले. दोन गाण्यांचे ठोके एकमेकांवर बसवायला भिंगरीने डाव्या चाकाला हलकं बोट लावलं, आणि गाणं अर्धा ठोका पुढे उडालं. दोन ढोल एकमेकांच्या पायात पाय घालून पडावेत तसा आवाज झाला. शंभरेक माणसं एकदम थबकली, कोणीतरी हसलं. तिने सावरून घेतलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी दादाने कंट्रोलर दुकानात टेबलावर घेतला. लॅपटॉपची तार बदलली, लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला जोडून पाहिलं. चाक उघडलं, आतली धूळ ब्रशने काढली, स्पिरिटने पुसलं. मग भिंगरीला वाजवायला सांगितलं. दहा मिनिटं ती वाजवत होती आणि एकही ठोका चुकला नाही.

"ठणठणीत आहे," दादा म्हणाला.

पुढच्या समारंभात गाणं तीनदा उडालं. त्याच्या पुढच्यात पाचदा. दरवेळी दादा सामान दुकानात आणायचा, खोलायचा, पुसायचा, आणि दरवेळी यंत्र शहाण्या मुलासारखं वागायचं. चौथ्या खेपेला त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि बराच वेळ तिच्या हाताकडे बघत बसला.

"एक विचारू? रागावू नकोस," तो म्हणाला. "चाकाला हात लावतेस तेव्हा तुला काही जाणवतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे कंप वगैरे. परवा मला लांबून वाटलं खरं. आईचं सुरू झालं होतं तेव्हा तिलाही कळलं नव्हतं."

त्या दिवशी घरी जाऊन भिंगरीने पहिल्यांदा हात टेबलावर पालथा ठेवला.

मेंदूच्या डॉक्टरांकडे दादाच घेऊन गेला. त्यानेच वेळ ठरवली, दुकान वहिनीवर सोपवलं, तपासणीच्या खोलीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. डॉक्टरांनी तिला कागदावर गोल गोल चक्र काढायला लावलं, हात पुढे धरायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं. घाबरलेल्या माणसाचा हात हलतो तेवढा तिचा हलला. घरात कुणाला असा त्रास होता का, असं त्यांनी विचारलं. ती बोलायच्या आत दादाने उत्तर दिलं. आईचा डावा हात, सुई-दोरा, कप, शेवटची वर्षं, सगळं त्याने हळू आवाजात, नीट क्रमाने सांगितलं. सांगताना त्याचे डोळे भरून आले. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळची एक गोळी लिहून दिली आणि तीन महिन्यांनी या म्हणाले.

गोळीने भिंगरीला गुंगी येई. दुपारी जिना चढताना पाय जड होत. हाताला फरक पडल्यासारखा कधी वाटे, कधी वाटत नसे. समारंभात मात्र अर्ध्या तासाने चाक ठरल्यासारखं उडायचंच.

या सगळ्याच्या आधी ई-मेलवर एक पत्र आलं होतं. समुद्राकाठच्या एका जुन्या हॉटेलात दर शनिवार-रविवारी दुपारचा नाच असे. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी भिंगरीला कुठेतरी ऐकलं होतं. वर्षभर आमच्याकडे राहून वाजवाल का, असं त्यांनी विचारलं होतं. शहर दूरचं, रात्रभराच्या प्रवासाचं. तिथे आवाजाची माणसं त्यांची स्वतःची होती, म्हणजे दादाला तिथे काम नव्हतं. हे त्याला कसं सांगावं, याची जुळवाजुळव करण्यात भिंगरीने चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी सांगितलं तेव्हा दादाने तिला जवळ घेतलं, डोक्यावर थोपटलं. "माझी भिंगरी आता समुद्रावर फिरणार," म्हणाला. तिला केवढं हलकं वाटलं होतं.

आता तिने स्वतःच हॉटेलला नकार कळवला. प्रकृतीचं कारण आहे, एवढंच लिहिलं. बाईंनी दोन ओळींचं समजूतदार उत्तर पाठवलं. त्या संध्याकाळी दादा तिच्या घरी येऊन बसला होता. "हात सांभाळ. बाकी सगळं परत येतं," तो म्हणाला. घरचं माणूस जवळ असणं म्हणजे काय, हे आज कळलं, असं तिने त्याला बोलूनही दाखवलं.

हात जाणारच असेल तर कंट्रोलर घरात ठेवून रोज त्याच्याकडे बघत बसण्यात काय अर्थ होता? तिच्या गल्लीत एक नृत्यशिक्षिका मुलांना नाच शिकवायची आणि गाणी मोबाईलवर लावायची. भिंगरीने तिला कंट्रोलर आणि त्याला जोडायचा लॅपटॉप दोन्ही देऊन टाकायचं ठरवलं. दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "दे की. पण लॅपटॉप आधी माझ्याकडे आण. पुसून, साफ करून देतो." तो तेव्हा एका प्रदर्शनाच्या कामासाठी परगावी गेला होता आणि परवा येणार होता. नृत्यशिक्षिकेला मात्र उद्याच वर्ग होता. शिवाय ती पडली काटेकोर. "चालू आहे ना नक्की? एकदा कुणाकडून तरी बघून घे, म्हणजे मुलांसमोर माझी पंचाईत नको," म्हणाली.

म्हणून भिंगरी दुरुस्तीवाल्या काकूंकडे गेली.

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर काकूंची एक खोली होती. पंचवीस वर्षं त्यांनी इस्पितळात कानाची तपासणी करायची यंत्रं दुरुस्त केली होती. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून हे सुरू केलं. भिंतीवर फळीमागून फळी. त्यांवर रेडिओ, कीबोर्ड, माइक, आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. काकूंच्या कपाळावर चष्मा, नाकावर दुसरा चष्मा.

"याच्यात काही बिघाड नाहीये," भिंगरीने सांगितलं. "माझा हात थरथरतो म्हणून मी देऊन टाकतेय. तुम्ही फक्त चालू आहे एवढं बघा."

"हात थरथरतो हे झालं निदान," काकू म्हणाल्या. "मला निदान नको. घडतं काय ते सांग."

भिंगरीने सांगितलं. काकू वहीत लिहीत गेल्या. कोणतं चाक? डावं. उजवं कधी? नाही. किती वेळाने? साधारण अर्ध्या तासाने. घरी? घरी कधी नाही. घरी किती वेळ वाजवतेस? दहा-पंधरा मिनिटं. काकूंची पेन्सिल थांबली.

"थरथरणारा हात घड्याळ बघून थरथरत नाही," त्या म्हणाल्या. "बस तू. वेळ लागेल. कंटाळा आला तर ती वर्तमानपत्रं आहेत, जुनी आहेत पण."

काकूंची पद्धत एकच होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जे दिसेल ते लिहायचं. आधी त्यांनी भिंगरीचा कंट्रोलर दुकानातल्या स्वतःच्या संगणकाला जोडला. गाणं लावलं आणि डाव्या चाकाला मधूनमधून बोट लावत राहिल्या. दुसऱ्या हाताने त्या एका रेडिओचं झाकण उघडत होत्या. पाऊण तास गेला, तास गेला. एकही ठोका हलला नाही. "यंत्र शुद्ध," त्यांनी वहीत लिहिलं.

मग तोच कंट्रोलर भिंगरीच्या लॅपटॉपला जोडला. तेच गाणं. पुन्हा तसंच बोट. वीस मिनिटं सगळं नीट चाललं. भिंगरी वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होती. सव्विसाव्या मिनिटाला गाणं अर्धा ठोका उडालं.

ती ताडकन उभी राहिली. चाकावर तिचा हात नव्हता. काकूंचा होता, आणि काकूंचा हात दगडासारखा स्थिर होता.

"पुन्हा करा," ती म्हणाली.

काकूंनी बोट लावलं. काही नाही. परत लावलं. काही नाही. पाच-सहा वेळा झालं आणि गाणं पुन्हा उडालं.

भिंगरी खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. "अगं, रडतेस कशाला? तुझा हात धडधाकट आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली. तिला हसूही येत होतं. नको नको म्हणत असताना मनात कितीतरी हिशेब सुरू झाले. हॉटेलला उद्याच लिहायचं. दादाला आत्ताच फोन करायचा. तो वेडा होईल आनंदाने. तिने फोन हातात घेतलासुद्धा.

"थांब जरा," काकू म्हणाल्या. "कुठे आहे ते कळलं. काय आहे ते कळू दे."

त्यांनी लॅपटॉपवर गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर नव्याने घातलं आणि कंपनीची मूळ फाईल वापरली. चाळीस मिनिटं बोट लावत राहिल्या. सगळं सुरळीत. मग दादाची फाईल परत घातली. सव्विसाव्या मिनिटाला उडालं. काकूंनी दोन्ही फाईली पडद्यावर शेजारी-शेजारी उघडल्या. दादाने बेतलेल्या गोष्टी ठिकठिकाणी होत्या आणि प्रत्येक बदलाच्या वर त्याने तारीख आणि कारण लिहून ठेवलं होतं. नीटनेटकेपणा हा त्याचा स्वभावच. "हाताला हलकं हवं म्हणून." "बटण छोटं पडतं म्हणून." काकू खाली खाली जात एका जागी थांबल्या. नाकावरचा चष्मा काढून कपाळावरचा खाली घेतला.

"ही फाईल कोण लिहितं?"

"माझा भाऊ."

"आणखी कुणी हात लावतं?"

"नाही. लॅपटॉपचा पासवर्ड आम्हा दोघांनाच माहीत आहे."

काकूंनी पडद्यावर बोट ठेवून अकरा ओळी साध्या भाषेत समजावून सांगितल्या. सॉफ्टवेअर सुरू होऊन पंचवीस मिनिटं होईपर्यंत काही करू नकोस. त्यानंतर डाव्या चाकाला झालेला दर सातवा स्पर्श मोज. सातव्याला गाणं अर्धा ठोका पुढे ढकल.

"हे चुकून होत नाही," त्या म्हणाल्या. "हे बसून लिहावं लागतं."

अकरा ओळींच्या वर तारीख होती आणि तारखेपुढे एकच शब्द. "तात्पुरतं."

भिंगरीने तारीख दोनदा वाचली. हॉटेलचं पत्र आल्यानंतरचा दुसरा दिवस. तेव्हा तिने दादाला काहीच सांगितलं नव्हतं. ती तेव्हा शब्द शोधत होती. त्याने मात्र लॅपटॉपवर पत्र वाचलं होतं, या ओळी लिहिल्या होत्या, आणि तीन दिवसांनी ती सांगायला गेली तेव्हा जवळ घेऊन डोक्यावर थोपटलं होतं.

तिने कंट्रोलर आणि लॅपटॉप पिशवीत घातले. ती जिना उतरली. किल्लीवाल्याच्या यंत्राचा कर्कश आवाज येत होता आणि तिला तो लांबून आल्यासारखा ऐकू येत होता. ती नृत्यशिक्षिकेकडे गेलीच नाही. घरी येऊन कंट्रोलर दारात तसाच ठेवला आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली होती. पाकीट हातात घेतलं आणि तिच्या डोळ्यांपुढे ती तपासणीची खोली आली. आईची गोष्ट सांगताना त्याचा हळू झालेला आवाज. ते डोळ्यांतलं पाणी तरी खरं होतं का? खरं असेल तर अधिक वाईट, की खोटं असेल तर? वहिनीला, मावशीला, ओळखीतल्या एकूणएक माणसाला तिने सांगितलं होतं की दादा नसता तर माझं काय झालं असतं. सांगताना तो शेजारीच उभा असायचा. कुणी परक्याने केसाने गळा कापला असता तर निदान त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती दुकानात गेली. दादा परतला होता आणि तारांची वेटोळी करून खुंट्यांवर लावत होता. वहिनी टेबलाशी बसून पुढच्या महिन्याच्या तारखा लिहीत होती. भिंगरीने लॅपटॉप उघडून त्याच्यासमोर ठेवला. पडद्यावर त्या अकरा ओळी होत्या.

दादाने पाहिलं. हातातली तार त्याने आधी पूर्ण गुंडाळली, खुंटीवर लावली आणि मगच बसला.

"फक्त हॉटेलवाल्यांचं मिटेपर्यंत," तो म्हणाला. "नंतर काढणार होतो."

"त्यांचं मिटून तीन आठवडे झाले."

"हो."

"मग का नाही काढलंस?"

वहिनीने पेन खाली ठेवलं. "काय झालंय?" तिने विचारलं. ती उठून पडद्यासमोर आली. तिला त्या ओळी कळल्या नाहीत. भिंगरीने काकूंनी सांगितल्या तशा साध्या भाषेत सांगितल्या.

"तू गोळ्या सुरू केल्यास ना," दादा अखेर म्हणाला. "एकदम काढलं असतं तर तुला शंका आली असती. मी ठरवलं होतं, हळूहळू काढायचं. आधी सातव्याऐवजी विसावा स्पर्श, मग पन्नासावा. म्हणजे गोळ्यांनी गुण आला असं तुला वाटलं असतं."

"आणि गोळ्या? त्या किती वर्षं घ्यायच्या होत्या मी?"

याचा त्याने विचारच केला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. भिंगरीला सगळ्यांत जास्त लागलं ते हेच.

"तुम्ही डॉक्टरांकडे गेला होतात ना हिच्याबरोबर?" वहिनीने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता. "मला म्हणालात, आत बसून मलाच रडू आलं."

"आलंच होतं," दादा म्हणाला.

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. अठरा वर्षं. पहिल्या तबकड्या कुणी आणल्या? ठोका कसा मोजायचा ते कुणी शिकवलं? पाटीवर सुरुवातीला दोघांची नावं होती, मग लोक फक्त भिंगरी येणार का विचारायला लागले. समारंभ संपला की तिच्याबरोबर फोटो काढायचे आणि त्याला म्हणायचे, जरा बाजूला व्हा. त्याने तेही मनाला लावून घेतलं नाही. पण पत्र आलं ते तिने त्याला सांगितलं नाही. ते त्याला लॅपटॉपवर सापडलं. "चार दिवस माझ्याबरोबर चहा पीत होतीस आणि पोटात ठेवून होतीस. मग मी काय समजायचं?"

"चार दिवस लपवलं, खरंय," भिंगरी म्हणाली. "तुला वाईट वाटू नये असे शब्द शोधत होते. ते चुकलं माझं. त्याच्याबद्दल तू माझ्यावर ओरडायचं होतंस. जाऊ नकोस म्हणायचं होतंस. तू म्हणाला असतास तर मी गेले नसते रे दादा. एवढंही तुला माहीत नव्हतं?"

"विचारायचं कसं?" तो म्हणाला. "तू हो म्हणाली असतीस, आणि मग आयुष्यभर बोलून दाखवलं असतंस."

"म्हणून आईचा हात मला लावलास."

वहिनी टेबलाशी परत गेली नाही. ती दुकानाच्या मागच्या खोलीत निघून गेली आणि तिने दार लावून घेतलं. भिंगरीने लॅपटॉप मिटला. दुकानात तिच्या मालकीचं जे काही होतं ते, दोन हेडफोन आणि गाण्यांची एक डिस्क, तिने पिशवीत घातलं. दादा म्हणाला, "मी आत्ता साफ करतो फाईल, दोन मिनिटांचं काम आहे." तो खरंच हात पुढे करून उभा होता. ती पिशवी उचलून बाहेर पडली.

डॉक्टरांना तिने खरं काय ते सांगितलं. ते बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. "कुणी घरचं माणूस सांगत असलं की आपण ऐकतो," एवढं म्हणाले. गोळ्या एकदम न थांबवता कमी करत नेल्या. हॉटेलच्या बाईंनी कळवलं की जागा भरली, पण नेमलेला माणूस दोन महिन्यांनी एका रविवारी सुट्टीवर जाणार आहे. त्या दिवशी आलात तर आवडेल. वहिनी आठवड्यातून एकदा फोन करायची. दादाचा विषय ती काढत नसे आणि भिंगरीही काढत नसे. दादाचा मात्र एकदा निरोप आला. फाईल पूर्ण तपासून स्वच्छ करून पाठवली आहे, ती वापर, असा. भिंगरीने निरोपासकट ती फाईल पुसून टाकली. नवा लॅपटॉप घेतला आणि काकूंच्या खोलीत चार दुपारी बसून स्वतःची फाईल स्वतः लिहायला शिकली. काकूंनी तिला एकदाही चुचकारलं नाही. चुकलं की म्हणायच्या, "एका वेळी एकच गोष्ट बदल."

हॉटेलचा नाच समुद्राकडे काचा असलेल्या मोठ्या दालनात होता. दुपारचे तीन वाजले होते. नाचणारी बरीचशी माणसं साठीच्या पुढची होती आणि बुटांना पॉलिश करून आली होती. भिंगरी छान वाजवत होती. चाळीस मिनिटं झाली आणि कंट्रोलरचे दिवे एकाएकी मालवले. चाकं मुकी झाली.

तिच्या मनात पहिला आला तो दादा. हा लॅपटॉप त्याने पाहिलेलासुद्धा नव्हता, तरी तोच. गाणं संपायला तीन मिनिटं होती. तिने मोबाईलवर एक लांबलचक गाणं तयार ठेवलं आणि काकूंच्या क्रमाने सुरुवात केली. तार काढून लावली, नाही. दुसऱ्या बाजूला लावली, नाही. वीज? टेबलाखाली वाकून पाहिलं, तर लॅपटॉपचा प्लग अर्धवट बाहेर आला होता. कुणा वाढप्याचा पाय लागला असावा. वीज गेल्यामुळे लॅपटॉपने बॅटरी वाचवायला कंट्रोलर झोपवून टाकला होता. तिने प्लग आत दाबला. दिवे लागले. नाचणाऱ्यांना काही कळलंही नाही. पुढे दोन तास तिने वाजवलं, शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि बाई म्हणाल्या, पुढच्या मोसमात नक्की बोलू.

संध्याकाळी खोलीत आल्यावर भिंगरीने बूट काढले, पलंगावर बसून लॅपटॉप उघडला आणि फाईल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. फाईल तिने स्वतः लिहिली होती. त्यात दुसऱ्या कुणाचं एक अक्षर नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. शेवटपर्यंत वाचून काही सापडलं नाही. खाली बागेत कोणीतरी खुर्च्या उचलून एकावर एक रचत होतं. ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली.